माशीचा फोटो किती सांगतो? परजीवी माश्यांच्या ओळखीची गोष्ट

२०२५ च्या पावसाळ्यात मुंबईत कबुतरांवरून मोठा वाद पेटला. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गाजलं आणि कबुतरांच्या विष्ठेपासून पिसांपर्यंत सगळ्याची चर्चा घरोघरी झाली. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेतून बातमी आली, की परदेशातून परतलेल्या एका प्रवाशाच्या शरीरात स्क्रूवर्म माशीच्या, म्हणजे जिवंत मांसावर वाढणाऱ्या माशीच्या अळ्या सापडल्या. या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण तेव्हापासून सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर माश्यांचे फोटो यायला लागले ते अजून थांबलेले नाहीत. खिडकीच्या ग्रिलवर बसलेली चपटी माशी. भटक्या कुत्र्याच्या कानामागची जखम आणि तिच्यात वळवळणाऱ्या अळ्या. कुंडीतल्या कढीपत्त्यावरचं सुरवंट आणि त्याच्या मानेजवळ चिकटलेला पांढरा ठिपका. खाली प्रश्न ठरलेला: ही कोणती माशी?

असे फोटो पाहून उत्तर देणाऱ्यांपैकी मी एक आहे. माझं उत्तर बऱ्याचदा अर्धवट असतं, आणि ते तसं का असतं हे समजून घेणं मला महत्त्वाचं वाटतं. फोटोवरून कधी अचूक नाव देता येतं, कधी फक्त घराणं सांगता येतं आणि कधी तेवढंही नाही. हा फरक कॅमेऱ्यापेक्षा माशीवर जास्त अवलंबून असतो.

परजीवी माशी कशाला म्हणायचं

बहुतेक उडणाऱ्या किड्यांना पंखांच्या दोन जोड्या असतात. माशीला एकच. मागच्या जोडीच्या जागी दोन बारीक दांड्या उरलेल्या असतात आणि उडताना त्या तोल सांभाळतात. फोटोत किडा मधमाशीसारखा दिसत असला तरी पंख दोनच असतील, तर तो माशीच्या गटातला. ओळखीची पहिली पायरी हीच, आणि साध्या मोबाइलच्या फोटोतही ती बहुधा जमते.

यातल्या ज्या माश्या आयुष्याचा काही काळ दुसऱ्या जिवंत प्राण्याच्या जिवावर काढतात, त्या परजीवी. ज्याच्या जिवावर त्या जगतात तो यजमान. काही माश्या प्रौढपणी रक्त पितात. काहींच्या अळ्या गुराकुत्र्यांच्या जखमेत वाढतात. खेड्यात याला ‘आसडी पडली’ म्हणतात. पण सगळ्यात मोठी संख्या आहे ती दुसऱ्या किड्यांच्या पोटात वाढणाऱ्यांची. सुरवंट पान खात असतो आणि आतून माशीची अळी त्याला खात असते. शेवटी सुरवंट मरतो आणि अळी बाहेर पडते. अशा माश्यांचं टॅकिनिड नावाचं एकच घराणं घेतलं, तरी जगभरात साडेआठ हजारांहून अधिक जातींना नावं मिळालेली आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, आरेमध्ये, धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात, अगदी गच्चीवरच्या झेंडूवरही त्या असतात. आपण त्यांना घरमाशी समजून हाकलतो.

नावाचा पत्ता

पुढचं सगळं समजायला तीन शब्द लागतील: कुल, प्रजाती आणि जाती. कुणाचा पत्ता सांगताना आपण आधी उपनगर सांगतो, मग इमारत, मग खोली. कुल, म्हणजे वर ज्याला घराणं म्हटलं ते, हे उपनगर, प्रजाती म्हणजे इमारत आणि जाती म्हणजे नेमकी खोली. माणूस मुलुंडला राहतो एवढ्यावर त्याला पत्र पोहोचत नाही, पण तो वसईला राहत नाही हे मात्र नक्की कळतं. माशीच्या फोटोवर ‘टॅकिनिड कुल’ एवढंच उत्तर मिळालं, तर त्यातून कळतं ते इतकं, की ही घाणीवर वाढणारी माशी नाही, चावणारी नाही आणि हिच्या अळ्या दुसऱ्या किड्यांत वाढतात. ही माहिती खरी आहे आणि पुष्कळ आहे. लोकांना मात्र खोली क्रमांक हवा असतो.

जिथे फोटो पुरतो

आधी सोपं उदाहरण. एसीच्या बाहेरच्या युनिटमागे किंवा इमारतीच्या डक्टमध्ये कबुतराचं घरटं आहे. ते काढून टाकलं, आणि पुढे काही दिवस घरात एक तपकिरी, चामड्यासारखी चिवट, चपटी माशी दिसते. भिंतीवर ती सरळ न चालता तिरकी सरकते, बोटाने दाबली तरी मरत नाही. हिचं शास्त्रीय नाव स्यूडोलिंकिया कॅनॅरिएन्सिस. कबुतराच्या पिसांत राहून ती रक्त पिते. चपटं अंग आणि पायांच्या टोकाचे बळकट आकडे पिसांत शिरून घट्ट धरायला सोयीचे. तिच्या पंखांच्या जाड शिरांची जाळीही पुढच्या कडेला दाटलेली असते.

हिचं प्रजननही वेगळं आहे. मादी अंडी घालतच नाही. एका वेळी एकच अळी पोटात वाढवते आणि पूर्ण वाढ झालेली अळी बाहेर टाकते. ती अळी लगेच कडक होऊन काळ्या चकचकीत मण्यासारखा कोष बनते. हे कोष घरट्याच्या कचऱ्यात पडून राहतात. म्हणून घरटं काढलं तरी माश्या बाहेर येत राहतात, आणि कबुतर सापडलं नाही तर एखादी माणसाला चावूही शकते.

इथे मोबाइलचा साधा फोटो पुरतो, कारण एकटा आकार बोलत नाही. चपटी माशी, मुंबई आणि शेजारी कबुतराचं घरटं हे तिन्ही जुळलं, की दुसरी शक्यता फारशी राहत नाही. तशीच चपटी माशी पक्ष्यांच्या उपचार केंद्रात आणलेल्या घारीच्या अंगावर सापडली, तर मी तेच नाव देणार नाही. तिथे दुसऱ्या प्रजातीच्या माश्या असू शकतात, आणि मग पंखांच्या शिरा व डोक्यावरचे बारीक साधे डोळे तपासावे लागतात. कुत्र्यांच्या पोटाखाली आणि कानांजवळ सरकणारी चपटी माशी हिप्पोबॉस्का प्रजातीची, गुरांच्या अंगावरचीही त्याच प्रजातीची, पण जाती वेगवेगळ्या. त्यांच्या पाठीवर फिकट ठिपके असतात आणि त्या ठिपक्यांची मांडणी वरून काढलेल्या स्पष्ट फोटोत दिसते.

‘या माशीमुळे आपल्याला कबुतरांचा आजार होतो का?’ हा प्रश्न नेहमी येतो. ही माशी कबुतरांत हिमोप्रोटियस कोलंबी नावाचा, मलेरियाच्या जंतूच्या नात्यातला परजीवी पसरवते. हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सिद्ध झालं, आणि माशीच्या शरीरात त्या जंतूची वाढ कशी होते याचं मोलाचं काम हेलन ॲडी यांनी भारतात केलं. त्यांचा शोधनिबंध १९१५ चा आहे. तो जंतू माणसाला लागत नाही. कबुतरांमुळे माणसाच्या फुप्फुसांना होणारा जो त्रास डॉक्टर सांगतात, तो वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीमुळे होतो. माशी मारून तो टळत नाही.

जिथे घोडं पेंड खातं

आता टॅकिनिड घ्या. पानावर राखाडी, केसाळ, घरमाशीहून थोडी मोठी माशी बसलेली आहे. अशा दिसणाऱ्या माश्या किमान तीन घराण्यांत आहेत. घरमाशीच्या छातीवर चार काळे पट्टे असतात. मांसमाशीच्या छातीवर ठळक तीन, आणि तिच्या पोटावरचे राखाडी-काळे चौकोन उजेडाच्या कोनानुसार जागा बदलल्यासारखे दिसतात. टॅकिनिडच्या पोटाच्या टोकाकडे बहुधा राठ, उभे, काट्यासारखे केस असतात. सुरुवात इथून करायची, पण एवढ्यावर विसंबायचं नाही.

खरी खूण माशीला बाजूने पाहिल्यावर दिसते. छातीच्या मागच्या टोकाला पाठीवर एक लहान त्रिकोणी ढलपा असतो. त्याच्या बरोबर खाली, कमरेच्या खाचेत, टॅकिनिडला आणखी एक गोल फुगवटा असतो. मांसमाशीत तिथे असा ठळक फुगवटा नसतो. वरून काढलेल्या फोटोत हा भाग झाकलेला राहतो, आणि लोक हटकून वरूनच फोटो काढतात. त्यामुळे कितीही सुंदर, पोस्टर करण्याजोगा फोटो असला तरी तो ओळखीच्या कामी येत नाही, आणि कडेने काढलेला थोडा धूसर फोटो प्रश्न सोडवतो. डोक्यावरच्या छोट्या मिशीतून निघणारा केसही पाहावा. टॅकिनिडमध्ये तो बहुधा उघडा असतो, मांसमाशीत बऱ्याचदा अर्ध्यापर्यंत पिसासारखा.

इतकं केल्यावर कुल कळलं. पुढे प्रजातीसाठी डोळ्यांवर बारीक लव आहे का, गालावर केसांची रांग कुठवर उतरते, छातीवर प्रत्येक ओळीत किती राठ केस आहेत, पंखाची मधली शीर कुठे वळते हे पाहावं लागतं. हे केस अक्षरशः मोजतात. आणि जातीसाठी पुष्कळदा नराच्या पोटाच्या टोकाला दुमडलेले जननावयव उलगडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. ते फोटोत येतच नाहीत. लेन्स कितीही महाग घेतली तरी शरीराच्या आत दुमडलेली गोष्ट तिला दिसणार नाही.

याला सुखद अपवाद आहेत. सिस्ट्रोपस प्रजातीच्या माश्या बारीक कमरेच्या गांधीलमाशीचं इतकं हुबेहूब सोंग घेतात, की अनुभवी माणूसही क्षणभर फसतो, पण एकदा पंख मोजले की प्रजाती ठरलीच. त्यांच्या अळ्या अंगाला आग लावणाऱ्या काटेरी सुरवंटांच्या अंगात वाढतात. आणि गुहांमधल्या वटवाघळांच्या अंगावर तर बिनपंखी, कोळ्यासारख्या दिसणाऱ्या माश्या असतात. त्यांचा फोटो पाहून ‘कोळी’ असंच उत्तर बहुतेक जण देतात.

‘पण ॲपने तर पूर्ण नाव दिलंय’

आरेतल्या एका निसर्गफेरीत एका मुलाने मला हेच विचारलं होतं: “काका, ॲप सांगतंय ना, मग तुम्ही नाही का म्हणता?” प्रश्न रास्त आहे.

फोटो ओळखणारी यंत्रणा आधी माणसांनी ओळखलेल्या असंख्य फोटोंवरून शिकते. ज्या जातींचे फोटो पुरेसे आहेत त्याच तिला ठाऊक असतात. युरोप-अमेरिकेतल्या माश्यांचे फोटो भरपूर, आपल्याकडच्यांचे थोडे. म्हणून मुंबईच्या माशीला ती कधीकधी युरोपातल्या जातीचं नाव लावते. त्या नावाची माशी सह्याद्रीत नसतेच, पण यंत्रणेला माहीत असलेल्यांत सगळ्यात जवळची दिसते. हे सुतावरून स्वर्ग गाठणं झालं. शिवाय ती रंग आणि एकूण ठेवणीवर जाते, तर टॅकिनिडची जाती ठरते केसांच्या संख्येवर.

लोक आपले निसर्गातले फोटो नोंदवतात त्या आयनॅचरलिस्टसारख्या मंचावर दोन तृतीयांशांहून अधिक ओळखणारे एका जातीवर सहमत झाले, की नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’ असा शिक्का मिळतो. पद्धत चांगली आहे, पक्षी आणि फुलपाखरांसाठी उत्तम चालते. माश्यांबाबत धोका असा, की पहिला माणूस यंत्रणेने सुचवलेलं नाव स्वीकारतो आणि दुसरा विश्वासाने ‘सहमत’ दाबतो. दोघांपैकी कुणीच केस मोजलेले नसतात. मग तो फोटो शिक्क्यासह पुन्हा यंत्रणेच्या शिकवणीत जातो आणि चूक पक्की होते. म्हणून मी ॲप वापरू नका असं म्हणत नाही. त्याच्याकडून कुलापर्यंतचं उत्तर घ्या, आणि जातीचं नाव दिसलं तर ती जाती भारतात नोंदलेली आहे का ते बघा. चुकीच्या खोलीवर टिचकी मारण्यापेक्षा उपनगरावर थांबलेली नोंद शास्त्रज्ञांना कितीतरी उपयोगी पडते.

नाव चुकलं तर बिघडतं काय

स्क्रूवर्म माशीचा इतिहास मला यासाठी फार मोलाचा वाटतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात गुरांच्या जखमांत अळ्या पडून जनावरं मरायची. दोष दिला जायचा कॉक्लिओमाया मॅसेलारिया या माशीला. ती मेलेल्या जनावरांवर ढिगाने वाढते, तेव्हा उपाय ठरला की मेलेली जनावरं जाळा, पुरा, सापळे लावा. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं ते केलं. जखमांतल्या अळ्या काही कमी होईनात.

१९३३ साली एमरी कुशिंग आणि वॉल्टर पॅटन यांनी दाखवलं, की या एकसारख्या दिसणाऱ्या निळसर-हिरव्या माश्या मुळात दोन जाती आहेत. निर्णायक फरक सापडला तो नरांच्या जननावयवांत. मेलेल्या जनावरांवर वाढणारी वेगळी. जिवंत जनावराच्या जखमेतच अंडी घालणारी वेगळी, आणि मेलेल्या जनावरांशी तिला जवळजवळ देणंघेणं नाही. इतकी वर्षं मेहनत दुसऱ्याच माशीवर चालली होती. या दुसऱ्या जातीचं आजचं नाव कॉक्लिओमाया होमिनिव्होरॅक्स.

नेमकी जाती कळल्यावरच पुढचा उपाय शक्य झाला. या जातीची मादी आयुष्यात बहुधा एकदाच मीलन करते. एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलँड यांनी विचार केला, की किरणोत्सर्गाने वांझ केलेले नर प्रचंड संख्येने सोडले तर माद्यांची अंडी उबणारच नाहीत. १९५४ मध्ये कुरासाव बेटावर हा प्रयोग यशस्वी झाला. पुढे अमेरिका, मेक्सिको आणि पनामापर्यंत मध्य अमेरिका या माशीपासून मुक्त झाली. १९८८ मध्ये ती लिबियात पोहोचल्याचं कळलं, तेव्हा सुमारे १३० कोटी वांझ माश्या सोडून तिथूनही तिला हटवण्यात आलं. २०२३ पासून ती मध्य अमेरिकेत पुन्हा उत्तरेकडे सरकली, म्हणून हल्लीच्या बातम्या. वांझ नर फक्त आपल्याच जातीच्या मादीशी मीलन करतो. जाती चुकली की कोट्यवधी माश्या सोडूनही उपयोग शून्य.

मग आपल्या कुत्र्यांच्या जखमेतल्या अळ्या कुणाच्या

बातमीतली अमेरिकन माशी मुंबईत आली, असं त्या व्हॉट्सॲप फोटोंखाली लिहिलेलं असतं. तसं नाही. आपल्याकडे जिवंत जखमेत अंडी घालणारी वेगळी माशी पूर्वीपासून आहे, क्रायसोमाया बेझियाना. तिचं वर्णन विलनव यांनी १९१४ साली आफ्रिकेतल्या माशीवरून केलं. भारतात माणसांच्या आणि गुरांच्या जखमांत सर्रास सापडते ती हीच, हे १९२० च्या सुमारास लिहून ठेवणारा माणूस होता वॉल्टर पॅटन. तेव्हा ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये काम करत होते. पुढे अमेरिकेचं कोडं सोडवणारे तेच. जखमांतल्या माश्यांवरची त्यांची नजर भारतातल्या या कामात मुरलेली होती.

हिची जवळची बहीण क्रायसोमाया मेगासेफला मुंबईच्या कुठल्याही मासळी बाजारात दिसेल: लठ्ठ, मोरपंखी हिरवी, मोठ्या लाल डोळ्यांची. ती घाणीवर आणि कुजणाऱ्या मांसावर वाढते. जवळून, तिरका काढलेला फोटो असेल तर पंखाच्या बुडाशी असलेला छोटा पडदा पाहावा. बेझियानात तो पांढुरका, मेगासेफलात गडद तपकिरी. उडत्या माशीच्या फोटोत हे दिसणं कठीण. आणि कुत्र्याच्या जखमेचा फोटो असतो तेव्हा त्यात माशी नसतेच, अळ्या असतात. अळीची ओळख तिच्या मागच्या टोकावरच्या श्वसनछिद्रांच्या ठेवणीवरून आणि अंगावरच्या बारीक काट्यांवरून होते. मोबाइलच्या फोटोत सगळ्या अळ्या सारख्याच.

इथे मी ठामपणे सांगतो: जखमेत अळ्या दिसल्या तर नावासाठी थांबू नका. बेझियानाची मादी एका वेळी दीडशे-दोनशे अंडी घालते, एका दिवसात अळ्या बाहेर येतात आणि आठवडाभर मांस कुरतडत आत जातात. कुत्रा असेल तर त्याच दिवशी पशुवैद्य किंवा प्राणी बचाव संस्था, माणूस असेल तर दवाखाना. उपचार जातीचं नाव कळायच्या आधी सुरू होतो. नाव हवंच असेल तर डॉक्टरांनी काढलेल्या अळ्यांपैकी काही कडकडीत गरम पाण्यात अर्धा मिनिट ठेवून मग ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायला सांगा. थेट अल्कोहोलमध्ये टाकल्या तर त्या काळवंडतात आणि आकसतात, मग तपासणाऱ्याचं काम अवघड होतं.

‘डीएनए करून टाका, प्रश्न मिटला’

निम्मं खरं. २००३ पासून ‘डीएनए बारकोडिंग’ ही पद्धत रूढ झाली. प्राण्याच्या पेशीतल्या एका ठरावीक जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि नोंदवलेल्या तुकड्यांशी ताडून पाहायचा. माशीचा एक पाय पुरतो.

या पद्धतीने काय उलगडतं याचं थक्क करणारं उदाहरण कोस्टा रिकातल्या ग्वानाकास्ते जंगलातलं आहे. तिथे सुरवंट पाळून त्यांतून निघालेल्या टॅकिनिड माश्या जमवल्या जातात. वेगवेगळ्या सुरवंटांत वाढणाऱ्या, दिसायला १६ जातींच्या २,१३४ माश्यांचा डीएनए वाचल्यावर २००७ साली कळलं, की त्यांत ७३ वेगळे वंश आहेत. त्यांपैकी बरेचसे मोजक्याच यजमानांना चिकटून राहणारे. फोटो सोडाच, तज्ज्ञाच्या सूक्ष्मदर्शकालाही जे एक वाटलं ते अनेक निघालं.

पण बारकोड ताडून पाहायला नोंद हवी, आणि ती नोंद अशा माशीची हवी जिचं नाव आधी कुणी तज्ज्ञाने टाचणीला लावलेल्या नमुन्यावरून ठरवलेलं आहे. आपल्याकडच्या माश्यांच्या अशा नोंदी विरळ आहेत. म्हणून १८८३ पासूनची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण यांच्यासारख्या संस्थांतल्या जुन्या पेट्यांना आजही पर्याय नाही.

‘मग आम्ही फोटो काढायचेच कशाला?’

कारण फोटोत एक गोष्ट येते जी पेटीतल्या नमुन्यात नसते: माशी कुठे, कधी आणि कुणाच्या जिवावर वाढली. जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठीवर पुष्कळदा फक्त गावाचं नाव आणि साल असतं. यजमान कोण, याचा पत्ता नसतो. ही पोकळी शास्त्रज्ञापेक्षा कुंडीत कढीपत्ता लावलेली व्यक्ती अधिक सहज भरून काढू शकते.

याचा व्यवहारातही उपयोग आहे. १९८० मध्ये पश्चिम बंगालमधून कर्नाटकात आलेल्या रेशीमकोषांबरोबर उझी माशी पोहोचली आणि तिथल्या रेशीम शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलं. तीही टॅकिनिडच. तर त्याच कुलातल्या दुसऱ्या माश्या उसाच्या खोडकिड्याला आतून मारून शेतकऱ्याचं काम हलकं करतात. कुठली माशी कुठल्या अळीतून निघाली हे कळल्याशिवाय फवारणी कुणावर करायची आणि कुणाला जपायचं हे ठरत नाही.

फोटो काढताना एकावर थांबू नका. वरून एक, बाजूने एक, समोरून चेहऱ्याचा एक, आणि पंख पसरलेले असतील तर शिरा दिसतील असा एक. माशी शक्यतो चौकटीभर येऊ द्या, पण शेजारच्या पानाचा किंवा प्राण्याचाही एक वेगळा फोटो असू द्या. फिल्टर लावू नका, रंग खोटे होतात. राष्ट्रीय उद्यानात किडा पकडून आणायला परवानगी लागते. तिथे फोटोच काढा आणि माशीला जाऊ द्या.

घरच्या झाडावर मात्र आणखी पुढे जाता येतं. मुंबईत कढीपत्त्यावर आणि लिंबावर कॉमन मॉरमॉन फुलपाखराचे सुरवंट नेहमी असतात. एखाद्याच्या डोक्यामागे तांदळाच्या कणीएवढं पांढरं अंडं चिकटलेलं दिसलं तर ते नखाने काढू नका. अंडं फुटण्याआधी सुरवंटाने कात टाकली तर ते कातीबरोबर आपोआप निघून जातं. नाहीतर अळी आत शिरते. अंडं दिसलं नाही म्हणून सुरवंट सुरक्षित असेलच असंही नाही. काही टॅकिनिड पानावरच अतिसूक्ष्म अंडी घालतात आणि सुरवंट ती पानाबरोबर गिळतो.

असा सुरवंट पातळ कापडाने झाकलेल्या बरणीत, रोज ताजं पान घालून ठेवा. माशी लागलेली असेल तर सुरवंट किंवा त्याचा कोष काळवंडतो, त्यातून पांढरट अळी बाहेर येते आणि तळाशी पडून लालसर तपकिरी, दोन्ही टोकांना गोल असा गुळगुळीत कोष बनते. कोषाला बारीक गोल भोक पडून त्यातून मुंगीएवढे पुष्कळ किडे निघाले, तर ती माशी नव्हे, छोट्या गांधीलमाश्यांचं काम आहे, आणि तेही नोंदवण्यासारखं आहे. माशी बाहेर आली की तिचे पंख पूर्ण ताठ होईपर्यंत थांबा, मग चारही बाजूंनी फोटो काढा. अभ्यासकाला द्यायची असेल तर माशी आणि तिचं रिकामं कवच एकाच डबीत अल्कोहोलमध्ये ठेवा आणि आत कागदाच्या चिठ्ठीवर झाडाचं नाव, सुरवंटाचं नाव, जागा आणि तारीख लिहा. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहावी, पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.